टाकीचा गीझर की इन्स्टंट? आधी सकाळचं व्होल्टेज बघा

दिवाळी उलटली की परभणीचं किमान तापमान पेपरात पहिल्या पानावर यायला लागतं. पारा एक आकड्यावर उतरला की शेकोटीचे फोटो येतात, आणि त्याच आठवड्यात नांदेडपासून धाराशिवपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानांत गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला जातो: "स्टोरेज देऊ का इन्स्टंट?" स्टोरेज म्हणजे टाकीचा गीझर. इन्स्टंट म्हणजे नळ सोडला की जागच्या जागी पाणी तापवणारा, बिनटाकीचा.

मोबाइलवर शोधलं तर उत्तर तयार असतं. बिनटाकीचा घ्या, वीज वाचते, जागा वाचते, गरम पाणी कधी संपत नाही. हे सगळं ज्या घरांकडे बघून लिहिलं गेलं तिथे ते बरोबरच आहे. अमेरिकेतल्या घरात दीडशे-दोनशे लिटरची टाकी असते आणि ती बाराही महिने, रात्रंदिवस गरम राहते. तिथे टाकी काढून टाकली की बिलात फरक पडतो. आपल्याकडे सकाळी बटण दाबलं, वीस मिनिटांनी बंद केलं आणि बादली भरली, एवढाच गीझरचा दिवस असतो. शिवाय फाल्गुन सरला की त्याचीही गरज उरत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, मग गीझर कुणाला आठवतोय?

म्हणून मराठवाड्यात गीझर निवडताना वीज किती वाचते हा प्रश्न मागे पडतो. पुढे येतात त्या तीन गोष्टी: सकाळी घरात व्होल्टेज किती असतं, पाण्यात क्षार किती आहेत, आणि गच्चीवरची टाकी नळापासून किती उंच आहे.

दोघांचं काम चालतं कसं

टाकीचा गीझर म्हणजे लग्नघरात आधीच शिजवून झाकून ठेवलेला भात. पंगत बसली की वाढायला लागा, पातेलं संपेपर्यंत कुणी थांबत नाही. संपलं की मात्र पुन्हा शिजेपर्यंत पुढची पंगत ताटकळते. इन्स्टंट गीझर म्हणजे तव्यावरची भाकरी. ती कधी संपत नाही, पण तवा जेवढ्या वेगाने देईल तेवढ्याच वेगाने ताटात पडते. जाळ कमी झाला की सगळेच हात धुऊन बसून राहतात. हा जाळ कमी होण्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येणार आहे.

आत बघितलं तर दोन्हींत कॉइलच असते, विजेवर तापणारी. टाकीच्या गीझरमध्ये ती बहुधा २ किलोवॅटची असते आणि तिच्याभोवती १०, १५ किंवा २५ लिटर पाणी असतं. बाहेरून फोमचं जाड आवरण असतं आणि पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो. इन्स्टंटमध्ये कॉइल बहुधा ३ किलोवॅटची आणि भोवती पाणी १ ते ३ लिटर. म्हणजे टाकी त्यालाही आहे, फक्त तांब्या-दोन तांब्यांची. इन्स्टंटचा पहिला तांब्या चटका देणारा येतो आणि नंतर पाणी कोमट होत जातं ते यामुळेच. साठलेलं तापलेलं पाणी आधी निघून जातं, त्यानंतर चालू असते ती तव्याची गती.

एक बादली म्हणजे अर्धा युनिट

डिसेंबरातल्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. अंघोळीला ४० अंशांचं पुरतं. वीस लिटरची बादली २२ अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. युनिट म्हणजे एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं तर जेवढी वीज खर्च होते तेवढी.

ही अर्ध्या युनिटची रक्कम निसर्गाने ठरवलेली आहे. टाकीचा गीझर घ्या, इन्स्टंट घ्या, नाहीतर बादलीत विजेचा रॉड सोडा, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच राहते. कॉइल पाण्यात बुडलेली असल्यामुळे जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच जाते. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर.

इथे बिलाचं एक गणित लक्षात घ्यावं लागतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. उन्हाळ्यात पंख्या-कूलरने टप्पा ओलांडला जातो, हिवाळ्यात तेच काम गीझर करतो. ज्या घराचं बिल एरवी ९० युनिटचं असतं तिथे गीझरचे बहुतेक सगळे युनिट वरच्या दराने पडतात, आणि लोकांना वाटतं गीझर बिघडलाय. शंभरच्या वरच्या युनिटांनाच वाढीव दर लागतो, पहिल्या शंभराला जुनाच राहतो. तरी फरक डोळ्यांत भरतो खरा.

"पण टाकीत ठेवलेलं पाणी थंड होतं, ती वीज वाया जाते ना?"

जाते, पण वाटते तेवढी नाही. गीझरवरच्या स्टारच्या लेबलाचा अर्थ इथे कळतो. टाकीच्या गीझरला जे स्टार मिळतात ते पाणी किती लवकर तापतं यासाठी नसतात. तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर दिवसभरात किती उष्णता बाहेर निसटते, ते त्यावरून कळतं. पाच स्टारच्या १५ लिटर गीझरमध्ये ही गळती चोवीस तासांत अर्ध्या युनिटापेक्षा कमी असते. म्हणजे बटण दिवसभर चालूच राहिलं तरी एका बादलीएवढी वीज गेली. हिवाळ्याचे चार महिने रोज असा विसराळूपणा केला तर साठेक युनिट, १० रुपयांच्या हिशोबाने सहाशे रुपये. बटण वेळेवर बंद करणाऱ्या घरात हे नुकसान त्याच्या कितीतरी खाली येतं.

खरी नासाडी दुसरीकडे होते आणि ती कुणी मोजत नाही. शेवटच्या माणसाने पाणी घेतलं की टाकीत गार पाणी शिरतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा ६० अंशांपर्यंत तापवून ठेवतो. १५ लिटर पाणी, जवळजवळ पाऊण युनिट, आणि वापरायला घरात कुणीही नाही. चांगल्या फोमच्या गीझरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली निम्मी ऊब शिल्लक असते, स्वस्तातल्यात फारशी नसते. यावर इलाज साधा आहे. शेवटच्या माणसाने अंघोळीला शिरण्याआधी बटण बंद करायचं आणि साठलेल्या पाण्यावर भागवायचं. आपल्याकडे शेवटी अंघोळ करते ती बहुतेक घरांत बाईच, त्यामुळे हे शिस्तीचं कामही तिच्याच गळ्यात पडतं, ते वेगळं.

नवीन मीटर बसलेले लोक विचारतात की दिवसा वीज स्वस्त झालीय तर गीझरला त्याचा फायदा होईल का. वेळेनुसार दर लावणाऱ्या या मीटरवर घरगुती ग्राहकाला सवलत मिळते ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळात. शाळेची पोरं साडेसहाला अंघोळ करतात. तेव्हा नाही.

लिटर बघायचे की किलोवॅट

दुकानात सगळे लिटर विचारतात. घरात दोन माणसं असतील तर तेवढं पुरतं. पाच-सात माणसं एका बाथरूममध्ये ओळीने अंघोळ करणार असतील तर किलोवॅटला जास्त किंमत आहे.

६० अंशांवर तापलेलं १५ लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं साधारण २५ ते २८ लिटर होतं, सवा बादली म्हणा. त्यानंतर पुढचे १५ लिटर तापायला २ किलोवॅटच्या कॉइलला वीस-बावीस मिनिटं लागतात. ३ किलोवॅटचा इन्स्टंट दहा मिनिटांत बादली भरतो आणि दहा-दहा मिनिटांनी भरतच राहतो. पाच माणसांच्या अंघोळी तो पन्नास मिनिटांत उरकतो. टाकीवाल्याला तापवायलाच सव्वा तास लागतो, फक्त पहिल्या खेपेचं पाणी सगळे उठायच्या आत तापवून ठेवता येतं.

म्हणजे कागदावर इन्स्टंट जिंकतो. पण या हिशोबात २३० व्होल्ट धरलेले आहेत.

त्याआधी शॉवरचा विषय संपवून टाकू, कारण नव्या फ्लॅटमध्ये शॉवर बघून लोक इन्स्टंट घेतात आणि फसतात. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडतं. तेवढं २२ अंशांनी तापवायला १२ किलोवॅट लागतील. ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. करंगळीएवढ्या धारेखाली उभं राहायची तयारी असेल तर ठीक.

सहा वाजताचं व्होल्टेज

कॉइलमधून मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज निम्मं झालं तर उष्णता चौथाई होते. २३० चं १८० झालं तर, तोटा वीस-बावीस टक्के दिसतो, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. तुमचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट अशा सकाळी १.८ किलोवॅटचा झालेला असतो.

आणि रब्बीच्या दिवसांत नेमकं हेच होतं. हरभऱ्याला, गव्हाला पाणी देण्यासाठी मोटारी चालू असतात, गावात घरोघरी रॉड लागलेले असतात, शेवटच्या खांबावरच्या घरात ट्यूब लुकलुकत असते. थंडी सगळ्यांना एकाच वेळी वाजते, त्यामुळे गीझरची गरज जेव्हा सर्वात जास्त तेव्हाच डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, भारही सर्वात जास्त. जाळ कमी झाला. इन्स्टंटमधून बादली भरायला दहाच्या जागी सोळा-सतरा मिनिटं लागतात, किंवा नळ तेवढाच सोडला तर पाणी ४० ऐवजी ३१-३२ अंशांचं येतं. हे पाणी अंगावर घेतल्यावर गीझर घेतल्याचा पश्चात्ताप होतो.

टाकीच्या गीझरला अशा वेळी फक्त उशीर होतो. बावीस मिनिटांचं काम छत्तीस मिनिटांत होतं, पण पाणी पूर्ण तापतं. पाऊण तास आधी बटण दाबलं की झालं. साडेपाचला लाइट जाणार हे माहीत असलं तर पाचला तापवून ठेवता येतं आणि सातपर्यंत ते अंघोळीजोगं राहतं. इन्स्टंट लाइटच्या मर्जीवर असतो, लाइट गेली की अंगाला साबण लावून बसलेला माणूसही तसाच राहतो.

स्टॅबिलायझर लावला तर? ३ किलोवॅटला पुरेल असा स्टॅबिलायझर गीझरपेक्षा महाग पडतो, आणि तोही उणीव भरून काढायला लाइनमधून जास्त करंट ओढतो, म्हणजे शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी पाडतो. घरच्या इन्व्हर्टरवर तर कुठलाच गीझर चालत नाही.

त्यामुळे खरेदीआधी वायरमनकडून मीटर लावून थंडीतल्या सकाळी सहा ते सात या वेळात घरातलं व्होल्टेज बघून घ्या. तेही घरातली इतर उपकरणं चालू असताना. दुपारी दोनला बघण्यात अर्थ नाही, तेव्हा ते छानच असतं. २१० च्या वर टिकत असेल तर इन्स्टंटचा विचार करता येईल. २०० च्या खाली जात असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, टाकीचा घ्या.

बोअरचं पाणी आणि पांढरा थर

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. पाऊस या खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतो, आणि बोअर जितकी खोल तितकं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं. त्यालाच जड पाणी म्हणतात. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ घेते, स्टीलच्या नळावर पांढरे डाग पडतात.

गार असताना हे क्षार पाण्यात विरघळून राहतात. तापलं की त्यातला एक भाग चुन्यासारखा घट्ट होऊन जवळच्या गरम वस्तूवर बसतो. गीझरमध्ये सर्वात गरम वस्तू म्हणजे कॉइल. तिच्यावर थर चढत जातो.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. थर बसला की वीज जास्त लागते असं सर्रास सांगितलं जातं. विजेच्या गीझरमध्ये तसं फारसं होत नाही, कारण कॉइल पाण्याच्या आतच आहे, तिची उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठे? होतं असं की थरामुळे उष्णता पाण्यात पोचायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जळते. बिल वाढत नाही, कॉइल जाते. गॅस गीझरमध्ये मात्र इंधनही वाया जातं. तिथे तांब्याच्या नळीच्या आत थर बसतो आणि जाळाची उष्णता पाण्यात शिरण्याऐवजी वरून धुराबरोबर निघून जाते.

कोणत्या गीझरला जड पाणी जास्त सोसतं? टाकीच्या. आत जागा मोठी असते, थर सुटून तळाशी पडला तरी पाणी वाहतं राहतं, कॉइल काढून घासता येते. इन्स्टंटमध्ये जागा इतकी थोडी की थोडासा चुरा साचला तरी धार बारीक होते. गॅस गीझरच्या नळ्या सर्वात अरुंद, तिथे सर्वात आधी गुंता होतो. पाण्याचा प्रवाह ठराविक मर्यादेच्या खाली गेला की तो पेटतच नाही, आणि मेकॅनिक तो पेटवणारे सेल बदलून पैसे घेऊन जातो.

क्षार ६० अंशांच्या वर फार वेगाने बसतात. म्हणून बोअरच्या घरात थर्मोस्टॅट ५०वर ठेवावा. त्याचा तोटा असा की ५० अंशांच्या १५ लिटर पाण्यातून ४० अंशांची एकच बादली मिळते. त्यावर उपाय म्हणजे एक माप मोठा गीझर. पंधराच्या जागी पंचवीस लिटर घ्यायचा आणि कमी तापवायचा. छत्तीस लिटर मिळतं आणि कॉइल टिकते. दुकानात हा सल्ला सहसा मिळत नाही, कारण तिथे पंचवीस लिटर मोठ्या कुटुंबाचा मानला जातो.

टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी टांगलेली असते. तिचं काम स्वतः झिजून टाकीच्या पत्र्याला गंजापासून वाचवायचं. जड, खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते. संपली की गंज टाकीकडे वळतो. दरवर्षी हिवाळ्याआधी सर्व्हिसला आलेल्या माणसाला ती काढून दाखवायला सांगा. नवी कांडी टाकीच्या मानाने अगदीच स्वस्त असते.

पाणी किती जड आहे हे आरओवाल्याच्या टीडीएस मीटरवर पूर्ण कळत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांची बेरीज, त्यात साधं मीठही येतं. थर बसतो तो कठीणपणामुळे, आणि त्याची तपासणी वेगळी होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं.

शहरात नळाचं पाणी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत त्याच हौदात टँकरचं नाहीतर बोअरचं पडतं. लातूरने तर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं आहे. गीझरला यातलं कोणतं पाणी मिळतंय हे महिन्यागणिक बदलतं. तेव्हा वर्षातल्या सर्वात वाईट पाण्याचा विचार करून निवड करावी.

गॅस गीझर: स्वस्त आहे, पण बाथरूमबाहेर

बिनटाकीच्या गीझरमध्ये जोरदार म्हणावा असा हा एकच. मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या साध्या मॉडेलची ताकद १० किलोवॅटच्या पुढे असते. लाइट गेली तरी दोन सेलवर पेटतो. बादलीला पन्नास ग्रॅम गॅस धरला तर १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये २८० बादल्या होतात. सिलिंडर ९०० रुपयांना पडला तर बादली सव्वातीन रुपयांना. १० रुपये युनिटच्या विजेवर तीच पाच रुपयांना, पहिल्या शंभर युनिटांच्या दरात मात्र दोन्ही जवळपास सारखी.

पहिली अडचण दाबाची. पाण्याचा दाब गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. बऱ्याच गॅस गीझरना पेटायला पाव बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे गीझरपासून टाकीच्या तळापर्यंत अडीच मीटर उंची. एकमजली घरात स्लॅबवर थेट टाकी टेकवलेली असेल तर तेवढी मिळत नाही. टाकी चौथऱ्यावर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा, नाहीतर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

दुसरी अडचण जिवाची. बंद जागेत गॅस जळताना हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं जड होतं, गरगरतं, आणि दार उघडायला हवं हे कळेपर्यंत पायांत बळ उरलेलं नसतं. थंडीत आपण बाथरूमची झडप कागद कोंबून बंद करतो, दाराच्या फटीला पायपुसणं लावतो, आत गॅस जळत असतो. दर हिवाळ्यात याने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात.

"आमच्या बाथरूमला खिडकी आहे" हे उत्तर मला पटत नाही. "एक्झॉस्ट पंखा आहे" हेही नाही. खिडकी थंडीत बंद होते आणि पंखा लाइट गेली की थांबतो. गॅस गीझर मागच्या अंगणात, गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत, पावसापासून आडोसा करून बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप न्यायची. अशी जागा घरात नसेल तर गॅस गीझर घेऊच नये. सिलिंडरपासून लांबलचक रबरी नळी ओढून, मध्ये टी जोडून केलेली जुळवाजुळवही नको.

सोलर आणि रॉड

गच्ची स्वतःची असेल तर सोलर वॉटर हीटर पहिला आणि गीझर दुसरा. मराठवाड्यात ऊन हीच एक गोष्ट मुबलक आहे. १०० लिटरचं यंत्र तीन-चार माणसांना पुरतं आणि आदल्या दिवशीचं तापलेलं पाणी फोमच्या टाकीत सकाळपर्यंत राहतं. जड पाण्यात काचेच्या नळ्यांचं घ्यावं, तांब्याच्या बारीक नळ्यांचं लवकर तुंबतं. आषाढ-श्रावणातल्या ढगाळ आठवड्यासाठी छोटा विजेचा गीझर जोडीला लागतोच. छतावर विजेचे सोलर पॅनेल बसवलेले असतील, आता पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, तर दिवसा ग्रीडला दिलेले युनिट सकाळच्या गीझरच्या युनिटांतून वजा होतात. अशा घराने बिलाची चिंता सोडून साधा टाकीचा गीझर घ्यावा.

रॉडला वीज जास्त लागते ही समजूत खरी नाही, तेवढीच लागते. त्याचा दोष शॉकचा आहे. पाणी तापलं का बघायला बोट घालणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

मग घ्यायचा कोणता

गाव, तालुक्याचं ठिकाण, शहराच्या कडेची वस्ती, बोअरचं पाणी: २५ लिटर टाकीचा, पाच स्टारचा, आतून काचेसारखा मुलामा असलेला, थर्मोस्टॅट ५०वर. शहरातला फ्लॅट, व्होल्टेज स्थिर, बादलीने अंघोळ करणारी दोन-तीन माणसं: १५ लिटर टाकीचा, किंवा ३ लिटर इन्स्टंटही चालून जाईल. भांड्यांच्या बेसिनला मात्र इन्स्टंटच योग्य, तिथे दोन तांब्यांसाठी २५ लिटर तापवण्यात शहाणपण नाही. मोठं कुटुंब, मागे मोकळं अंगण, टाकी उंच: गॅस, बाहेर. भाड्याचं घर असेल तर छोटा इन्स्टंट, कारण जाताना भिंतीवरून उतरवून नेता येतो. वर्षाला चार महिने चालणाऱ्या वस्तूवर याहून जास्त डोकं चालवू नये असं मला वाटतं.

बसवताना

३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला १३ अँपियर ओढतो. त्याला १६ अँपियरचं मोठं सॉकेट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारं बटण, हवा. मिक्सरच्या बोर्डातून वायर ओढून चालवलेले गीझरच प्लग जाळतात.

अर्थिंग तपासून घ्या. मुरमाड जमिनीत अर्थिंगचा खड्डा फेब्रुवारीनंतर कोरडा पडतो आणि कोरड्या जमिनीत करंट उतरत नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं असतं, ते बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला तर करंटची गळती होताच वीज तुटते.

टाकीच्या गीझरच्या खाली सेफ्टी व्हॉल्व असतो. पाणी तापताना फुगतं, १५ लिटरमागे साधारण पेलाभर, आणि ते इथून ठिबकतं. ठिबकणं म्हणजे बिघाड समजून त्याला खिळा किंवा बूच मारणारे नळफिटर आहेत. त्यांना अडवा, तुंबलेल्या व्हॉल्वमुळे टाकी फाटू शकते.

पाणी नसलेल्या दिवशी बटण दाबू नका. आधी गरम पाण्याचा नळ सोडायचा, धार आली की मग चालू करायचं. इन्स्टंटमध्ये कोरडी कॉइल काही मिनिटांत जाते. २५ लिटरचा गीझर पाण्यासकट ३५ किलोच्या आसपास भरतो, त्याला पक्क्या विटांची भिंत आणि तिच्यात खोल जाणारे बोल्ट लागतात. पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर टांगू नका.

आणि पैसे देण्याआधी वॉरंटी कार्ड उलटं करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. टाकी, कॉइल आणि बाकीच्या भागांची मुदत वेगवेगळी असते. सात वर्षं लिहिलेली असली तरी ती बहुधा एकट्या टाकीची. पाण्यातल्या क्षारांची मर्यादाही तिथेच दिलेली असते, आणि तुमच्या बोअरचं पाणी तिच्या वर असेल तर ती सात वर्षं तुमच्यासाठी नाहीत.